चौथ्या अंकातली आत्या

चाळीस वर्षं मी लंडनच्या नाटकघरात संत्री विकली आणि त्या चाळीस वर्षांत एकही नाटक पाहिलं नाही. लोकांना हे खोटं वाटतं. वाटू दे. संत्री विकणारीची पाठ रंगमंचाकडे असते आणि तोंड गिऱ्हाइकाकडे. मागे राजे मरतात, पोरी पळून जातात, तलवारी खणखणतात, आणि आपण समोरच्याला म्हणायचं, "घ्या साहेब, सेव्हिलची आहेत, कालच बोटीतून उतरली."

पण नाटक मला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. मी ते तोंडांवर वाचायची. शेकडो मेणबत्त्या जळत असतात, लपायला कुणाला जागा नसते. खालच्या बाकांवरचे कारकून कधी पुढे वाकतात, बॉक्समधल्या बायकांचे पंखे कधी थांबतात, वरच्या गॅलरीत मोठ्या घरांचे नोकर कधी पाय आपटायला लागतात, हे बघून पहिल्या अंकातच मी सांगायची की हे नाटक जगणार की मरणार. मालक स्वतः जिन्यात मला गाठून विचारायचा, "काय म्हणतेस, पार्डोबाई?" आणि मी मान हलवली की त्याचा चेहरा पडायचा.

आमच्या नाटकघरात माझ्या घरच्या बायकांशिवाय कुणाची टोपली आत येत नसे. दोन लेकी, तीन सुना. वरची गॅलरी मात्र मी स्वतःकडे ठेवली होती, कारण ती सांभाळायला छाती लागते. तिथे तीनशे नोकर बसतात. मालकांसाठी बॉक्समधली जागा धरून ठेवायची आणि मालक आले की धावत वर यायचं, हा त्यांचा धंदा. दिवसभर "जी हुजूर" म्हणून म्हणून घसा सुकलेला असतो, तो ते इथे मोकळा करतात. एखादं नाटक त्यांना नको झालं की ते अख्खं नाटकघर बंद पाडू शकतात. आणि ते मला आई म्हणायचे. त्यांचा पुढारी सायलस, सहा फूट उंच, कुठल्याशा लॉर्डच्या गाडीमागे उभा राहणारा. एकदा त्याने बाकावर उभं राहून शीळ घातली तेव्हा मी त्याला कान धरून खाली बसवला होता. त्या दिवसापासून माझ्याकडे बघितल्याशिवाय तो नाटकावर संत्र्याची साल टाकत नसे.

त्या जानेवारीत डेव्हलिनचं नाटक लागलं, 'उसना जावई'. गॅरेट डेव्हलिन. समुद्रापलीकडच्या कॉर्कहून आलेला, चोवीस-पंचवीसचा, हाडं मोजून घ्यावीत असा. पहिल्या रात्री तीन अंक लोक नुसते लोळत होते. एका वकिलाने हसता हसता माझ्या लेकीच्या, हेस्टरच्या टोपलीतच डोकं घातलं. मी मनात म्हटलं, हे जगणार. पहिल्यांदाच माझा अंदाज चुकला.

तिसरा अंक संपला की आमच्याकडे दारं उघडतात आणि अर्ध्या तिकिटात उरलेलं नाटक बघणारी मंडळी आत शिरतात. दुकानं नुकतीच मिटलेली असतात. ओल्या डगल्यांची, चिखलाच्या बुटांची दीड-दोनशे माणसं एकदम बाकांवर चढतात, एकमेकांचे पाय तुडवतात, "सरका की हो," "तुमच्या बापाची जागा आहे का" सुरू होतं. माझ्या पोरी याच वेळी सगळ्यात मोठ्याने ओरडतात, कारण खरी विक्री तेव्हाच. या दहा मिनिटांत रंगमंचावर काय चाललंय ते देवालाही ऐकू येत नाही. लंडनमधला प्रत्येक नाटककार म्हणून तिथे एखादं गाणं घालतो, नाहीतर तलवारबाजी.

डेव्हलिनने तिथे नाटकाचा प्राण ठेवला होता. जमीनदाराच्या घरी लग्नाला आलेला श्रीमंत जावई खरं तर पोरीचाच शिकवणीचा मास्तर आहे, केसांचा टोप लावून आलेला, हे ती पोर मोलकरणीला सांगते. सगळं नाटक त्या सांगण्यावर उभं. ते कुणी ऐकलं नाही. पाचव्या अंकात मास्तरने टोप काढून फेकला तर लोक एकमेकांकडे बघायला लागले. हा कोण? हा कुठून आला? हसावं की काय करावं कळेना, मग चीड आली. फुत्कार सुरू झाले. शेवटी रिवाजाप्रमाणे एक नट पुढे येऊन म्हणाला, "उद्या संध्याकाळी हेच नाटक..." आणि अख्खं नाटकघर एका आवाजात ओरडलं, "नाही!"

आमच्याकडे ही गोष्ट अशीच ठरते. राजाची परवानगी असो, मालकाची हौस असो, नट लोकांना विचारतो आणि लोक सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाटकघरामागच्या अंगणात संत्री निवडत बसले होते. शेजारचे फळवाले सुकलेली संत्री उकळून फुगवतात आणि ताजी म्हणून विकतात. आमच्या घरात असला प्रकार चालत नाही. तेवढ्यात हा आला. बगलेत कागदांचं गाठोडं, डोळे सुजलेले.

"पार्डोबाई, तुम्ही काल होतात ना?"

"मी नसते तर नाटकघराची दारं उघडतच नाहीत. बस. त्या खोक्यावर नको, ते मोडकंय."

"मालकांनी दहा दिवस दिलेत. त्यात दुरुस्त कर म्हणाले. दुसऱ्यांदा लोक नाही म्हणाले तर..." दोनदा नाकारलेला माणूस या गावात पुन्हा लिहीत नाही. त्याची वही कुणी हातात धरत नाही. "पण दुरुस्त काय करू? कुठे चुकलं तेच कळत नाही. तीन अंक हसलीत की हो माणसं!"

"तू कॉर्कला नाटकं कुठे पाहिलीस?"

तो लाजला. "पाहिली नाहीत फारशी. वाचली. वडिलांच्या कपाटात होती."

"तरीच. पुस्तकात चिखलाचे बूट घालून कुणी मधेच आत येत नाही."

मी त्याला अर्ध्या तिकिटाचं सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा रंग उतरत गेला. "मला कुणीच कसं बोललं नाही?"

"कोण बोलणार? नटांना आपापल्या ओळींची चिठ्ठी मिळते, सबंध नाटक वाचतो कोण? आणि मालक वाचताना इतका हसला म्हणे की घड्याळ बघायचं विसरला. तुझं नाटक वाईट नाही रे पोरा. त्याला कुणी ऐकलंच नाही."

त्याने निवडलेल्यांतलं एक संत्रं उचलून हातात फिरवलं. मग म्हणाला, "मला तुमच्याजवळ गॅलरीत उभं राहू द्याल? आठ-नऊ दिवस?"

"उभा राहा. पण पायात येऊ नकोस."

तो रोज यायचा. भलतीच नाटकं चालू असायची, पण तो तिकडे बघायचा नाही. दारं उघडली की माणसं कशी चढतात, किती वेळात शांत होतात, पहिल्यांदा कुठे बघतात, हे बघायचा. मला वाटलं तेवढंच बघतो आहे.

माझी एक सवय सांगितली पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या अंकात विक्री नसते. मी पालथ्या टोपलीवर बसून जरा डोळे मिटते. पहाटे चारला धक्क्यावर उभी राहणारी बाई आहे मी. दारं उघडली की उठते आणि सगळ्यांना कामाला लावते.

एकदा अशीच उठले तर हेस्टर समोर. "आई, झोपलीस वाटतं."

"झोपले? मी? डोळे मिटले होते, कान नव्हते मिटले. खालच्या बाकांवर किती गेली?"

"तू ऐकत होतीस ना? मग तुला ठाऊक असेल."

"मला सगळं ठाऊक आहे. तू सांग, म्हणजे कळेल तू खरं बोलतेस की नाही."

हेस्टरने कपाळावर हात मारला आणि सगळं सांगितलं. मग मी सायलसला बोलावून तेच विचारलं, मग धाकट्या सुनेला. तिघांच्या तीन तऱ्हा, पण त्यातून मला संध्याकाळची सगळी हकिकत मिळते, आणि मी झोपले होते असं कुणी सिद्ध करू शकत नाही. डेव्हलिन खांबाला टेकून उभा होता. मी म्हटलं, "दात काय काढतोस?"

"काही नाही," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला.

एकदा जिन्यात भेटला. मी विचारलं, "त्या पोरीचं आणि मोलकरणीचं कुठे हलवलंस?"

"काढून टाकलं."

"काढलंस? अरे, सगळं तर त्याच्यावरच उभं आहे ना?"

"हो. लिहिलेल्यात तेच सगळ्यात चांगलं होतं," असं म्हणून तो घाईने खाली उतरला. माझ्या डोळ्याला डोळा देईना. मी हेस्टरला म्हटलं, गेला हा पोरगा, संपला.

दुसऱ्या प्रयोगाला नाटकघर भरलं होतं. पुन्हा पाडायलाच आले होते अर्धे. सायलसच्या पोरांनी खिशात साली भरून आणल्या होत्या. डोळे मिटायची सोय नव्हती त्या दिवशी. तिसऱ्या अंकात माझ्या पाठीमागून एक बारीक घोरणं ऐकू आलं आणि लोक खुदखुदले. वाटलं, काहीतरी विनोद आहे. पण गॅलरीतली काही तोंडं रंगमंचाकडून माझ्याकडे वळली आणि पटकन परत फिरली. हेस्टर खालून माझ्याकडे बघत होती, तोंडावर फडकं धरून.

अंक संपला. दारं उघडली. चिखल, डगले, धक्काबुक्की. मी टोपली कमरेवर घेतली, "सेव्हिलची, ताजी, उकळलेली नाहीत..." असं ओरडायला तोंड उघडलं आणि माझाच आवाज माझ्या पाठीमागून आला.

"झोपले? मी? डोळे मिटले होते, कान नव्हते मिटले!"

मी वळले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

कसं सांगू? इतकं लांब, इतकं खाली, आणि इतका उजेड. पायथ्याशी दिव्यांची रांग, मागे रंगवलेलं घर, आणि मधोमध वेताच्या खुर्चीत आमच्या नाटकघरातली नटी, ऑर्टनबाई. जमीनदाराच्या घरातली थोरली आत्या झाली होती ती. अंगावर माझी करडी शाल, माझ्यासारखीच काखेखालून घेऊन मागे गाठ मारलेली. हनुवटी माझी. बोट उगारायची तऱ्हा माझी. सबंध तिसरा अंक तिथे झोपून काढून ती आता उठली होती आणि घरातल्या एकेकाला पुढे बोलावत होती.

"मला सगळं ठाऊक आहे," ती मोलकरणीला म्हणाली. "तू सांग, म्हणजे कळेल तू खरं बोलतेस की नाही."

आणि मोलकरणीने घाबरून सगळं ओकून टाकलं. जावई कसा आला, काय बोलला, आणि तो जावई नाहीच, मास्तर आहे. मग स्वयंपाकीणबाईने तेच भलत्या तऱ्हेने सांगितलं. मग जमीनदार आला, त्याला स्वतःच्या घरात काय चाललंय याचा पत्ता नाही, तोही छाती फुगवून तिसरंच सांगू लागला. तीनदा. ज्यांनी आधीचे अंक पाहिले होते त्यांना त्या तीन तऱ्हांची मजा, आणि जे आत्ता चिखलाच्या बुटांनी आत शिरले होते त्यांना सबंध नाटक आयतं हातात. बूट थांबले होते. माणसं बाकावर एक पाय ठेवून तशीच उभी होती.

पण हसत कुणीच नव्हतं.

मला कळायला थोडा वेळ लागला. गॅलरीतल्या तीनशे नोकरांनी मला ओळखलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. सायलसने दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं आणि त्याचे डोळे मला विचारत होते, आई, काय करू? गॅलरी गप्प म्हटल्यावर खालचे बाकही गप्प. वर काहीतरी शिजतंय असं त्यांना वाटलं. ऑर्टनबाईचा आवाज जरासा कापला. रंगमंचाच्या कडेला पडद्याच्या फटीत एक पांढरा चेहरा दिसला. डेव्हलिन. तोही वर, माझ्याकडेच बघत होता.

रागाने माझे कान तापले होते. कॉर्कच्या कार्ट्या, तुला खांबाला टेकायला जागा दिली, आणि तू मला उचलून त्या खुर्चीत बसवलंस? मी एक फुत्कार टाकला असता तर पुरे होता. तीनशे खिशांतल्या साली खाली गेल्या असत्या आणि ते नाटक, तो पोरगा, दोन्ही तिथेच संपले असते. मी श्वास घेतला. घेतला होता, खोटं का बोलू.

खाली जमीनदार वैतागून म्हणाला, "अगं ताई, जागी होतीस म्हणतेस, आणि इथे सगळ्यांसमोर घोरत होतीस की!"

आत्या उठली. शाल नीट केली. म्हणाली, "घोरणारच. घरात कुणीतरी आहे हे चोरांना कळायला नको?"

हे मी कधी बोलले नव्हते. देवाशपथ, कधीच नाही. पण बोलले असते. कुणी मला असं चारचौघांत पकडलं असतं तर अगदी हेच, याच आवाजात, शाल नीट करून बोलले असते. हे त्याने माझ्याकडून ऐकून नेलं नव्हतं. ऐकलेलं संपलं होतं, आणि तिथून पुढे तो एकटा चालत माझ्या आत गेला होता, जिथे मीही कधी गेले नव्हते.

घेतलेला श्वास फुत्कार होऊन आला नाही. पोटातून काहीतरी उसळलं, बरगड्या दुखल्या, टोपली कमरेवरून सुटली आणि मी हसले. मला थांबता येईना. माझं हसणं कसं आहे ते सगळ्या धक्क्याला माहीत आहे, मासे उतरवणारे कान झाकतात. ते तसं वरून खाली पडलं.

सायलसने हात काढले. मग गॅलरी फुटली.

लोकांना हसताना मी जन्मभर पाहिलं होतं. पण ते त्यांचं होतं, मी त्यातून वाट काढत संत्री विकत होते. त्या दिवशी मी त्याच्या आत होते. ते गॅलरीतून खालच्या बाकांवर उतरलं, तिथून बॉक्समध्ये चढलं, आणि पुन्हा वर आलं, जणू सबंध घर एक छाती आहे आणि ती खालीवर होते आहे. वरच्या झुंबरातल्या ज्योती हलत होत्या. एक लॉर्ड आणि त्याच्या गाडीमागचा सायलस एकाच क्षणी, एकाच गोष्टीला हसत होते आणि दोघांनाही ते कळत नव्हतं. आणि हे सगळं कशातून? कागदावर शाई. टोपलीवर बसून डुलक्या काढणारी एक म्हातारी. मी चर्चमध्ये उभी असते तशी सरळ उभी राहिले, हसू डोळ्यांतून गळत होतं तरी.

पाचव्या अंकात मास्तरने टोप काढला तेव्हा हजारएक माणसांना आधीच माहीत होतं, आणि ते त्या क्षणाची वाट बघत बसले होते. छत उडेल असं वाटलं. शेवटी नट पुढे आला. "उद्या संध्याकाळी हेच..." एवढंच त्याला बोलता आलं. "हो! हो!" मधे बाकीचं बुडून गेलं.

डेव्हलिन गॅलरीच्या जिन्यावर मला भेटायला आला. दोन पायऱ्या खालीच थांबला, मारलं तर पळता यावं म्हणून असेल.

"माझी शाल कुणाला विचारून घेतलीस?" मी म्हटलं.

"कुणालाच नाही."

"आणि माझं बोलणं?"

"तेही नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"टोपलीने डोकं फोडलं असतं."

"हो. म्हणून विचारलं नाही. तुम्ही श्वास घेतलात तेव्हा मी प्रार्थना म्हणायला लागलो होतो. बाई, एक फुत्कार टाकला असता तुम्ही..."

"तर तू उद्या कॉर्कच्या बोटीत असतास. आणि तुझ्या तोंडाकडे बघून मला वाईटही वाटलं नसतं."

"मग हसलात का?"

प्रश्नाचं उत्तर टाळायचं तर आपणच प्रश्न विचारायचा, ही माझी जुनी रीत.

मग मीच त्याला विचारलं, "ते चोरांचं. ते मी कधी बोलले नव्हते. तुला कुणी सांगितलं?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "ते मलाही कळत नाहीये. तुम्हाला त्या खुर्चीत बसवलं, जमीनदाराला तुमच्यासमोर उभा केला, तो बोलला. मग मी वाट बघत बसलो. बराच वेळ. आणि तुम्ही बोललात. मी फक्त लिहून घेतलं."

मी दोन पायऱ्या उतरले. त्याने मान खांद्यात घातली. मी त्याचा उजवा हात धरून भिंतीवरच्या दिव्याखाली नेला आणि उलटसुलट करून बघितला. बोटं शाईने काळी झालेली, नखं कुरतडलेली, थंडीने अंगठ्याला चीर पडलेली. कुणाच्याही पोराची असावीत तशीच.

खालून हेस्टर हाका मारत होती. मी लगेच गेले नाही.